लेझर पाहिजे, पण नाचायला नव्हे

रेणापूरकडच्या आमच्या तलावात गणपती बुडवतात. प्लास्टर कधीतरी विरतं, आतला लोखंडी सांगाडा मात्र तळाशी तसाच. आमच्या गल्लीतल्या मामांचं पोट याच तलावातल्या मासळीवर, आणि त्यांचं जाळं दर खेपेला सांगाड्यात अडकून फाटतं. सांगाडे कुठं पडलेत ते कळलं तर काढता येतील. पण पाणी इतकं गढूळ, की बुडवलेला हात दिसत नाही.

लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या मित्रानं एक भारी गोष्ट सांगितली. हवेतूनच पाण्यावर लेझरचा झटका मारायचा. वरचा थर क्षणात तापून फुगतो आणि त्यातूनच आवाज उठतो. गढूळ पाण्यात उजेड अडकतो, आवाज अडकत नाही. तो खाली जाऊन वस्तूवर आपटतो, परत येतो. वरचं यंत्र तो ऐकून चित्र काढतं. संशोधक असली यंत्रं करून बघतायत आणि आपली सरकारी हापिसं म्हणणार, पाण्याखालचं आम्हाला कसं दिसणार! मी तडक पत्रक काढलं : 'तलावावर लेझर आणि आवाज आणा!'

घोटाळा एवढाच, की गणपतीआधी माझंच पत्रक होतं : 'लेझर आणि डीजेचा आवाज बंद करा!'

"काय पुढारी, पार्टी बदलली का?" टपरीवर एकानं विचारलं.

"आता डोळं जात न्हाईत व्हय लेझरनं?" दुसरा.

"अरे, मथळ्याखाली पण काही छापलंय!" मी उखडलो.

"ते लई बारीक हाय."

रविवारी मंडळाची पोरं ट्रॅक्टरवर स्पीकर लादून थेट तलावावर हजर. "दादा, कुठं लावायचं?"

मी त्यांना लोखंड, प्लास्टर, बेपर्वाई, सगळं ऐकवायला लागलो. मामांचं जाळं सकाळपासून अडकलेलं. ते म्हणाले, "भाषण राहू दे. ट्रॅक्टर आलाय न्हवं? दोर बांधा."

ट्रॅक्टरनं ओढलं. फाटक्या जाळ्यासकट चिखलानं माखलेला सांगाडा वर आला.

"आयला, ह्यो तर आपल्याच मंडळाचा!" एक पोरगा ओरडला.

"वळखलास? मग घरी घिऊन जा," मामा म्हणाले. सगळे खो खो हसले.

मामांनी दुसरं जाळं खांद्यावर घेतलं, काठानं थोडं पुढं गेले. "हितं टाकू का रे?"

"मला काय माहीत, मामा? यंत्र कुठाय!"

"मग हितं काय करायलास? जा, भांड की त्या हापिसात," म्हणत त्यांनी जाळं खाली ठेवलं.