परीक्षा तुमची नाही

अकोल्याच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना आईनं तिसऱ्यांदा विचारलं, "म्हंजे तू तिकडं जाऊन नेमकं शिकशीन काय?" मी सांगितलं, मोबाइलच्या स्क्रीनवर कोणतं बटण कुठं असावं, ते. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "त्याच्यासाठी दोन वर्षं? आन् तेही गुवाहाटीले?" बाबा म्हणाले, "जाऊ दे तिले. पोट्टी काहीतरी चांगलंच शिकून राहिली असन." कळलं त्यांनाही नव्हतं. त्या साली बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी खाल्ली होती, बाबा कामाला जायचे ते सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं होतं, आणि इंजिनीअर झालेली पोरगी हातची नोकरी सोडून पुन्हा शिकायला निघाली होती. गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. मी मात्र बडनेऱ्यापर्यंत रडले.

ती नोकरी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात होती. तिथल्या मशीनच्या पॅनेलवर सगळी बटणं राखाडी, नावं इंग्रजीत. कामावरच्या बायांनी त्यांतल्या तीन बटणांवर आपल्या टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल टिकली म्हणजे थांबव, हिरवी म्हणजे चालू कर, पिवळी म्हणजे सायबाले बोलव. सुपरवायझर ओरडून टिकल्या काढायला लावायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. मला वाटायचं, बायांचं काय चुकलं? चुकलं पॅनेल करणाऱ्याचं. या विचाराचं रीतसर शिक्षण असतं आणि त्याला इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तेल्हाऱ्याच्या, अकोटच्या पोरी आता मला विचारतात, ताई, चित्रकला यावी लागते का? नाही लागत. माणूस वस्तूशी कसा झगडतो हे तोंड बंद ठेवून बघता यायला पाहिजे, बस. तोंड बंद ठेवणं आपल्याकडच्यांना जरा जड जातं, ते सोडा.

गुवाहाटीत मी आधी भात खायला शिकले, मग बोलायला. वर्गातली पुण्याची मुलगी म्हणायची, तू साधं पाणी मागतेस तरी भांडल्यासारखी वाटतेस. पहिलं वर्ष मी "करून राहिली"चं "करतेय" करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी मोठा प्रकल्प करायचा होता. त्या दिवसांत आपल्या भागात पाठीवर पंप घेऊन किडीचं विषारी औषध फवारायला गेलेली माणसं शेतातच भोवळ येऊन पडत होती. काही दवाखान्यातून परतलीच नाहीत. जवळ असायची ती पाणी आणून देणारी बायको. तिच्या हातातल्या फोनवर चित्रं दाबत गेलं की काय करायचं आणि कोणाला बोलवायचं ते कळेल, असं ॲप मी केलं. चार स्क्रीनचा नमुना घेऊन तेल्हाऱ्याला घरी आले.

आमच्या ओसरीत आई आणि गल्लीतल्या चार बाया बसल्या. आमच्या धंद्यात चाचणीआधी एक वाक्य म्हणावंच लागतं. मीही म्हटलं, "ही परीक्षा तुमची नाही, या ॲपची आहे. चुकलं तर ते चुकलं, तुम्ही नाही." मग एकेकीच्या हातात फोन दिला. पाचहीजणींनी एकदाही न अडखळता चारही स्क्रीन पार केल्या. शेजारच्या मंदामावशीनं तर माझ्याकडं बघत बघतच बटणं दाबली. "सोपं हाय बाई," पाचहीजणी म्हणाल्या. गुवाहाटीहून गाइड सर फोनवर खूश झाले. फक्त म्हणाले, उद्या बटणांच्या जागा बदलून एकदा बघ.

दुसऱ्या दिवशी मी जागा बदलल्या. आईनं फोन घेतला आणि डावीकडं खाली बोट ठेवलं. तिथं आता काहीच नव्हतं. तिनं पुन्हा तिथंच दाबलं. मग मंदामावशीनं तिथंच, तिच्यानंतर तिघींनीही तिथंच. पाच बाया रिकाम्या जागेवर बोटं दाबत होत्या. आई चिडून म्हणाली, "तू कावून बदललं? काल तं बरोबर होतं."

मग उलगडलं. मी आले त्या दुपारी प्रवासानं झोपले होते. आईनं माझा फोन घेतला, दाबून दाबून पुढं जायची वाट शोधली, चौघींना बोलावलं आणि सगळ्यांकडून घोटवून घेतलं. आधी डावीकडचं खालचं, मंग मधलं, मंग हिरवं. चित्रात काय आहे ते कोणालाच कळलं नव्हतं. "परीक्षा आमची नाई हे समजलं आमाले," आई म्हणाली. "तुह्यी परीक्षा तं होती ना? तुले नापास कसं होऊ देऊ?"

मी आईवर ओरडले. खरंच ओरडले, सगळ्यांसमोर. शेतात माणूस पडलेला असताना बाईनं असंच भलतीकडं दाबलं तर तो मरेल, हे तुला कळत नाही का? मग मंदामावशी म्हणाली, "मले समजते. मांगच्या साली माह्यावाले पडले तवा फोन माह्या हातातच होता. मी दाबतच राहिली." तिचे यजमान गेले ते मला माहीत होतं, हे माहीत नव्हतं. आणि तरीही माझ्यासाठी ती 'सोपं हाय' म्हणाली होती. मला तिच्याकडं बघवेना.

घडलं ते सगळं मी अहवालात लिहिलं. प्रकल्प तपासणाऱ्या ज्युरीनं सहा महिने वाढवून दिले, म्हणजे सरळ सांगायचं तर मला पुढं जाऊ दिलं नाही. ठरलेली नोकरीही गेली. आई गल्लीत सांगत सुटली, "माह्याच्यानं पोरीचं साल गेलं." मी किती समजावलं, तिला पटलं नाही. त्या सहा महिन्यांत मी मंदामावशीला एकच विचारलं, तेव्हा तू शेवटी केलं काय? "हाका मारल्या," ती म्हणाली. मग मी चारही स्क्रीन काढून टाकल्या. नुसता एक पडदा, कुठंही दाबा, शेजारच्या पाचजणांना एकामागून एक फोन जातो. त्या पाच बायांच्या फोनांत ते राहिलं. नंतर फोन बदलले तसं तेही गेलं.

आज मी बंगळुरूत आहे. हुद्दा लांबलचक आहे, बाबांनी तो कागदावर लिहून घेतला आहे. अनोळखी माणसांसमोर बसून मी रोज तेच वाक्य इंग्रजीत म्हणते, आणि कोणी पटकन "इझी" म्हटलं की दचकते. कामाचं काही आईला पाठवलं तर आता ती तोंडावर सांगते, "नाई समजलं मले, पुना कर." एवढं मात्र ती त्या दिवशी शिकली.

पण फोनवर "कशी आहेस?" विचारलं की म्हणते, "बरी हाय." बाबांचा दमा? "बरा हाय." सोयाबीन? "बरं हाय, तू काळजी नोको करू." हे उत्तरही तिनं घोटून ठेवलं आहे, मला नापास होऊ न देण्यासाठी. गाव सोडून आलेल्या आपल्या सगळ्यांना घरून हेच उत्तर मिळतं, आणि आपण ते खरं धरून फोन ठेवतो, कारण सोयीचं असतं. मी आता धरत नाही. दोन महिन्यांनी एकदा रजा टाकते, न कळवता तेल्हाऱ्याला जाते आणि ओसरीत बसून आईला चालताना, बाबांना पायऱ्या चढताना, काही न बोलता बघते.