कधी वापरू नये

आमच्या कार्यालयातल्या बाईंनी लिहिलेला मजकूर मी छाटला होता, आणि कित्येक महिने ते कोणालाही कळू दिले नव्हते. बाईंविषयी लिहायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी. मात्र आधी त्या कशा होत्या ते सांगतो.

चष्मा कपाळावर सरकवायचा, तळहात वाहतूक पोलिसासारखा उभा धरायचा आणि विचारायचे, "सर, कधी न्हाय?" दिवसातून अनेकदा.

शांती नगरमध्ये दुकानांच्या वर आमचे कार्यालय आहे. गृहसंकुलांसाठी आम्ही संगणकातला एक सहायक तयार करतो. तो रहिवाशांच्या तक्रारी वाचतो आणि आम्ही दिलेल्या साधनांपैकी एखादे स्वतःच वापरतो: टँकर मागवणे, लिफ्टवाल्याला बोलावणे, विंगचे पाणी बंद करणे. कोणते साधन कशासाठी, हे त्याला केवळ आमच्या लेखी वर्णनावरून कळते. ती वर्णने बाई लिहीत. शेवटचा हात माझा.

साधन काय करते हे कोणीही लिहील. ते कधी वापरू नये, हे लिहिल्याशिवाय बाई पुढे जात नसत. मग परीक्षा माझी.

"तुम्ही आता यंत्र. हे वाचा आणि सांगा, काय करणार?"

"आधी वॉचमनला विचारीन."

"कुठं लिहिलंय तसं? शहाणपणा करू नका सर. ते करणार न्हाय."

तुमच्याही कार्यालयात असे एखादे काटेकोर, थोडे तापट माणूस असेल. बाई डोंगरी गावातल्या घरून डबा आणत आणि सामाईक फ्रिजमध्ये ठेवताना त्यावर चिठ्ठी लावत: 'बोंबलाचे कालवण. शाकाहारी नाही. वासाबद्दल तक्रार करू नये. विचारून उघडावे.' आमचे शाकाहारी सहकारी ती चिठ्ठी पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवत, आणि बाई खुशाल हसत.

एकदा एका संकुलाच्या समितीला आमचे काम दाखवायचे होते. आमचे मालक, माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, म्हणाले, "सर, ये तो निबंध झाला! छोटं करा ना." आटोपशीर लिहिण्याचा मला अभिमान होता. बाई घरी गेल्या होत्या. पाण्याच्या साधनाखाली त्यांनी लिहिले होते: 'हे अख्ख्या विंगचे पाणी बंद करते, एका घराचे नव्हे. एका घरातल्या गळतीसाठी वापरू नये, प्लंबरला कळवावे.' मी ठेवले: 'पाणी बंद करते.' बाईंना सांगायचे राहिले, असे मी पुढे स्वतःलाच सांगत आलो. खरे म्हणजे, त्या नाही म्हणतील हे मला ठाऊक होते.

काही आठवड्यांनी त्या संकुलातल्या एका गृहस्थांनी लिहिले, 'सिंकखाली गळतंय, पाणी लवकर बंद करा.' सहायकाने विंगचे पाणी बंद केले. त्याच विंगमध्ये, वरच्या मजल्यावर, सकाळी एक वृद्धा वारली होती. लेकीसुना तिला शेवटची आंघोळ घालत होत्या आणि नळ कोरडा पडला. शेजारच्या विंगमधून बादल्या येईपर्यंत सगळे खोळंबले.

तिचा मुलगा कार्यालयात आला. आवाज न चढवता म्हणाला, "आईचे केस अर्धेच धुतले होते."

तो गेल्यावर मालकांनी सर्वांना टेबलाभोवती बसवले आणि ते वर्णन पडद्यावर आणले. खाली बाईंचे नाव होते.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी असं लिहीत न्हाय."

"नाव तर तुमचंच आहे."

बाई माझ्याकडे वळल्या. तळहात उभा केला नाही. "सर, शेवटचा हात तुमचाच असतो ना?"

मी म्हणालो, "यापुढे सर्वांनीच काळजी घ्यायला हवी."

वाक्य आटोपशीर होते.

बाईंनी फ्रिजमधून डबा काढला आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मी डोंगरीला गेलो तोवर बरेच महिने लोटले होते. बाई दारातल्या वेलावरची तोंडली काढत होत्या.

"या सर. वाट चुकलात?"

"बाई, ते वर्णन मी छाटलं होतं."

"ठाऊक हाय मला. तेवढं सांगायला बसनं आलात?"

"माफी मागायला आलो."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग हितं न्हाय. ज्यांना ठाऊक न्हाय, त्यांना सांगा."

"परत याल?"

"न्हाय." आणि मूठभर तोंडली माझ्या पिशवीत टाकली.

सोमवारच्या बैठकीत मी उभा राहिलो. बाईंची खुर्ची रिकामी होती. मनात एक नेटके वाक्य तयार होते. ते सोडून दिले.

"पाण्याच्या साधनाचं वर्णन बाईंनी पूर्ण लिहिलं होतं. कधी वापरू नये, तेही लिहिलं होतं. त्यांना न विचारता ते मी छाटलं. याच टेबलावर त्यांनी मला विचारलं, तेव्हा मला सगळं आठवत होतं, आणि तरी मी त्यांच्यावर ढकललं."

"जाने दो ना सर," मालक हळूच म्हणाले, "जुनं झालं आता."

मी तळहात उभा केला.

"अजून आहे. त्या आईच्या मुलालाही मी घरी जाऊन हेच सांगणार आहे. चूक बाईंची नव्हती, माझी होती." मी रिकाम्या खुर्चीकडे वळलो. "बाई, मला माफ करा."