गोजराबाई आणि आडव्या बाटल्या

गोजराबाईनं आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नाही. गळ्यात तुळशीची माळ, दर गुरुवारी पंचवटीत भजनी मंडळ, एकादशीला चहासुद्धा बंद. आणि तरी व्हिस्कीची पारख तिच्याइतकी मी नाशकात कुणाकडे पाहिली नाही. हे कसं, ते सांगते. तिच्याबद्दल जे भलतंसलतं पसरवलं गेलं ते अगदी मन लावून पसरवलं गेलं. तेव्हा खरं काय ते मीही मन लावूनच लिहिणार.

मखमलाबादच्या अंगाला तिच्या सासरची दीड एकर फुलशेती होती. शेवंती, झेंडू, गुलाब, थोडा निशिगंध. तीस वर्षं ती पाट्या घेऊन पंचवटीत बसली. फुलं डोळ्यांनी नाही, नाकानं निवडायची. पाटीत तळाला कालचा माल दडपलेला असला तर वरचं ओलं फडकं न उचलता सांगायची. मग शेताचे तीन वाटे झाले, त्यातला एक रस्त्यात गेला, नवरा गेला, आणि ती गंगापूर रोडला महेश कडलगकडे वरकामाला लागली.

हा महेश म्हणजे दिंडोरीकडचा मोठा द्राक्ष बागायतदार. वायनऱ्यांना माल घालतो. एकदा युरोपची सहल करून आला आणि आल्याआल्या बंगल्याखाली तळघर खणलं. भिंतभर लाकडी कप्पे, त्यांत बाटल्या. पुढे वाइनवरचं मन उडून व्हिस्कीवर बसलं, तेव्हा त्यानं आमचं चाखायचं मंडळ काढलं. रविवारी सकाळी अकराला बैठक. सकाळी, कारण जेवणाआधी नाक ताजं असतं. आठ-दहा माणसं: दातांचे डॉक्टर मनोज, दोन निवृत्त इंजिनियर, माझे यजमान. ते गेले, पण खुर्ची मी सोडली नाही. म्हाताऱ्या विधवेनं व्हिस्की चाखावी का, यावर ज्यांना मत द्यायचं होतं त्यांचं देऊन झालंय.

शिवाय महेशचा चारशे जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. दर रविवारी संध्याकाळी तो त्यावर लिहायचा: आज काय चाखलं, वास कसा, चव कशी, ही बाटली घ्या, ती घेऊ नका. सुरुवातीला सगळ्या बाटल्यांना एकच वास यायचा, व्हॅनिला आणि मध. इंटरनेटवरून उचललेला.

ग्लास धुणं गोजराबाईकडे. साबण नाही, नुसतं कढत पाणी, मग पंच्यावर पालथे. एका रविवारी ती ट्रे उचलताना थांबली. रिकामा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्यात शेवंती हाय. ताजी नाय. देवावरनं काढलेल्या दुसऱ्या दिवशीच्या हाराचा वास."

सगळे हसले. डॉक्टर मनोजनी आपला ग्लास पुन्हा हुंगला आणि त्यांचं हसू थांबलं. "अहो, खरंच की!"

तेव्हापासून तो नेमच झाला. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची धुरकट व्हिस्की आली, तर ही म्हणाली, "गोवऱ्यांवर वांगं भाजलंय, आन् शेजारी जखमेवरच्या लाल औषधाची बाटली उघडी राह्यलीय." एका महागड्या गडद बाटलीवर सगळे लट्टू होते, हिनं नाक मागे घेतलं. "बेदाण्याच्या शेडमधी गंधकाची धुरी देत्यात ना, दार उघडल्यावर तसं येतंय. हे नका घेऊ कुणी." मी रसायनशास्त्र शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवली आहेत. गंधक होतंच.

संध्याकाळी ग्रुपवर हेच सगळं महेशच्या नावानं यायचं. 'निर्माल्यातल्या शेवंतीचा दरवळ.' 'बेदाण्याची धुरी, घेऊ नये.' पुण्याहून, कोल्हापुराहून वाहवा. भाऊ, काय नाक आहे तुमचं!

मी एकदा म्हटलं, "महेश, गोजराबाईचं नाव टाक की रे त्यात."

"काय लिहू मॅडम? आमच्या भांडीवालीनं सांगितलं?"

बरोबर. तसं कसं लिहिणार.

मागच्या साली गुढीपाडव्यानंतरचा रविवार. महेशनं आपली लाडकी बाटली वर आणली. एकवीस वर्षं पिंपात मुरलेली. चार वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला उघडून एकेक घोट घेतला होता आणि बूच दाबून परत तळघरात ठेवली होती. आता बघतो तर पातळी चार बोटं खाली. ग्लासात ओतली तर चव मेलेली, पाणचट, लाकडासारखी. पाहुण्यांसमोर त्याचा चेहरा उतरला. मग चढला.

"मावशी! इकडे या जरा. शनिवारी तळघर झाडायला किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडं, भाऊ."

"कधीपासून चाललंय हे? प्यायची आणि वरून पाणी घालायचं. तरीच म्हटलं, नाक एवढं तयार कसं झालं!"

लोक हसले. त्या 'तरीच'वर हसले. गोजराबाईचा हात माळेवर गेला. "भाऊ, माळ हाय माझ्या गळ्यात."

"माळ आजकाल कुणाच्याही गळ्यात असते."

मी म्हटलं, "महेश, पुरावा काय?" त्यानं बाटली उजेडात धरली. "पातळी बघा ना मॅडम." मी पातळी बघितली आणि गप्प बसले. हे माझं गप्प बसणं इथे लिहून ठेवते. गाळलं, तर गोजराबाई कुणाकडून तरी वाचून घेईल आणि मला धरेल.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. ग्लास नाकाशी धरलेली गोजराबाई. खाली ओळ: 'सावधान मंडळी! घरची मावशी हीच सगळ्यात मोठी टेस्टर.' पुढे हसऱ्या तोंडांची रांग. चारशे फोनांतून फोटो कुठेकुठे जायचा तो गेला. तिची बाकीची दोन कामं आठवड्यात सुटली. गुरुवारी ती भजनाला गेली, तर मंडळाच्या अंबूबाईनं तिच्या हातातले टाळ काढून घेतले आणि दाराकडे बोट केलं. "तू आता तिकडं मागं बस, गोजरे. माळकऱ्यांत नको." बावीस वर्षं ती पुढच्या ओळीत बसत होती.

भजन ती सोडू शकत नव्हती. त्या गुरुवारपासून ती दाराशी बसू लागली.

मी तिला माझ्या घरी कामाला घेतलं. उपकार नव्हते, मला माझीच लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मॅडम, त्या बाटलीखाली दर शनिवारी डाग पडायचा. मी कढत पाण्यानं पुसायची. भाऊंना सांगितलं व्हतं, बाटली पाझरती. म्हणले, तू झाड गुमान."

"पाझरते? उभी बाटली पाझरेल कशी?"

"उभी कुठली? आडवी. समद्या आडव्याच हायेत."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. माझे गुडघे असे, की त्या तळघराचा जिना मी कधी उतरलेच नव्हते. वाइन आडवी ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. व्हिस्की उभी ठेवायची असते, कारण एवढ्या कडक दारूत बूच भिजलं तर ते ठिसूळ होतं, त्याचा भुगा होतो, बाटली पाझरते, वर चवही नासते. व्हिस्कीवरच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडेल. पण महेश पडला द्राक्षवाला. त्याला बाटली म्हणजे आडवी एवढंच ठाऊक. आणि ज्या डागानं सगळा उलगडा झाला असता, तो ही बाई दर शनिवारी आपल्याच हातानं स्वच्छ करत होती.

मी फोन उचलला. तिनं ओला हात माझ्या हातावर ठेवला.

"काय सांगणार?"

"की तू चोर नाहीस."

"ते म्हणतील, मॅडमनी बाईला वाचवायला गोष्ट रचली. आन् गुपचूप बाटल्या उभ्या करतील. मग?"

"मग निदान बाटल्या तरी वाचतील."

"त्याच वाचल्या नाय पाहिजे."

मी फोन खाली ठेवला.

"किती आहेत अशा?"

"सव्वीस. भाऊंच्या साठीला फोडायच्या म्हणून येगळा कप्पा केलाय. लय भारीतल्या."

साठीला पंधरा महिने होते. आम्ही पंधरा महिने थांबलो. कुणाला हा दुष्टपणा वाटला तर वाटू दे. मी प्रत्येक रविवारी जायची, चाखायची, हसायची. महेशनं तळघराला नवं कुलूप लावलं होतं आणि किल्ली गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत अडकवली होती. झाडायलाही तो कुणाला आत सोडत नव्हता. महिन्या-दोन महिन्यांनी मी सगळ्यांदेखत विचारायची, "काय रे, किल्ली तुझ्याकडेच ना?"

"माझ्याकडेच! माझ्याशिवाय चिटपाखरू जात नाही खाली."

घरी येऊन मी हे सांगितलं की लगेच गोजराबाई म्हणायची, "पुढल्या टायमाला डॉक्टर असतील तवा विचारा. त्यांनी ऐकलेलं बरं."

इकडे ग्रुपवर पुन्हा व्हॅनिला आणि मध सुरू झालं होतं. कोल्हापूरच्या एकानं विचारलंही, भाऊ, सर्दी झाली का? मी तो निरोप गोजराबाईला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला.

साठीचा रविवार उजाडला. चाळीस माणसं, बाहेर मंडप, आणि पुण्याहून व्हिस्कीवर लेख लिहिणारे एक गृहस्थ खास बोलावलेले. मी गोजराबाईला घेऊन गेले. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

महेश दारातच आडवा आला. "मॅडम, ही इथे?"

"माझ्याबरोबर आहे. तुझा जिना उतरायचा तर मला हात लागतो."

साठीच्या दिवशी दारात तमाशा नको म्हणून तो बाजूला झाला. तिचा हात धरून मी पहिल्यांदा ते तळघर पाहिलं. पुण्याचे गृहस्थ कप्प्यासमोर उभे होते.

"कडलगसाहेब, ही वाइन झाली. व्हिस्की कुठे?"

"हीच की व्हिस्की."

"आडवी?"

"म्हणजे काय, व्यवस्थित ठेवलीय."

त्यांनी पहिली बाटली उचलली. बूच अर्धं हातात आलं, अर्धं आत पडलं. ग्लासात चहाच्या भुकटीसारखा चुरा. दुसरीचं तेच. तिसरीची पातळी सील न तोडताच बाटलीच्या खांद्याखाली गेलेली. चौथी त्यांनी फक्त हुंगली आणि अदबीनं परत दिली. महेशच्या तोंडातून सवयीचंच निघालं, "कुणीतरी हात मारलाय..."

"कुणी?" डॉक्टर मनोज म्हणाले. "किल्ली तुझ्या गळ्यात आहे, महेश. पंधरा महिने तूच सांगतोयस."

कुणीतरी मोबाइलचा दिवा कप्प्याखाली मारला. फरशीवर प्रत्येक बाटलीखाली एकेक डाग, काळ्या बुरशीनं माखलेला. भिंतीवरून ओघळ. सगळे वाकून बघत राहिले.

"पुसायला कुणी नव्हतं ना, भाऊ," गोजराबाई म्हणाली.

मग मी बोलले. बुचाचा भुगा का होतो ते सांगितलं. आधीच्या त्या लाडक्या बाटलीची पातळी कशी उतरली ते सांगितलं. शेवंती कुणाची, वांगं कुणाचं, गंधक कुणाचं तेही सांगितलं. पुण्याचे गृहस्थ गोजराबाईकडे वळले. "ह्याला काय वास येतोय, बाई?" तिनं ग्लास लांबच धरला. "गोणपाट भिजवून कोंडून ठिवलंय." ते म्हणाले, "अगदी." महेश तिथेच पायरीवर बसला. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असंही वाटलं नाही.

जेवणं उरकल्यावर तो मागच्या ओट्यावर आला. आवाज खाली. "मावशी, झालं ते झालं. माझी चूक झाली. उद्यापासून परत या. पगार वाढवून देतो."

"हितं कोण ऐकतंय?"

"बरं, ग्रुपवर टाकतो."

"ते टाकाच. पण फोटू पंचवटीत गेला व्हता. गुरवारी चारला भजन असतंय. तिथं या."

"तिथे बायकांत मी काय..."

"मग राहू द्या. डॉक्टर टाकतील ग्रुपवर, डागांचे फोटू घेतलेत त्यांनी."

गुरुवारी चारला तो आला. मीही गेले होते. असलं बघायला मी गुडघ्यांची पर्वा करत नाही. वीस-पंचवीस बायका, पुढे अंबूबाई, आणि गोजराबाई दाराशी, तिला दाखवलेल्या जागी. महेश चपला काढून आत आला, बायकांच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि फरशीकडे बघत पुटपुटला, "यांच्याबद्दल माझा जरा गैरसमज झाला होता..."

"भाऊ, ऐकू नाय आलं," दाराशी बसलेल्या गोजराबाईनं हाक दिली. "आन् गैरसमज नाय. खोटं बोललो म्हणा."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघीही हललो नाही.

"मी खोटं बोललो. या बाईंनी कधी काही घेतलं नाही. प्यायलं नाही."

मंडळात चुळबुळ झाली. अंबूबाई उठून टाळ घेऊन तिच्याकडे आली. "ये गं गोजरे, पुढं ये." गोजराबाईनं टाळांना हात लावला नाही.

"थांब अंबूबाई. भाऊ, मागच्यांना ऐकू गेलं नाय. पुन्हा म्हणा."

तिच्या मागे फक्त भिंत होती. ते महेशलाही दिसत होतं. त्यानं घसा साफ केला आणि मोठ्यानं पुन्हा म्हटलं.