सासूबाईंचा ब्रश

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात ब्रश हातात धरला नव्हता. मंजन आणि उजव्या हाताचं बोट, एवढंच. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू खुडून झाला की त्याच हातानं त्या भराभर हार ओवायच्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि तो हात लुळा पडला. डॉक्टरांनी रक्त पातळ राहायच्या गोळ्या दिल्या, वर तोंड स्वच्छ ठेवायला बजावलं.

मी साधा मऊ ब्रश आणला. डाव्या हातात तो वाकडातिकडा फिरायचा, पेस्ट हनुवटीवर यायची. मी घासून देते म्हटलं तर तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. शेवटी कॉलेज रोडवरून चार्जिंगचा ब्रश आणला. कसा धरायचा ते दोनदा दाखवलं आणि भाजी टाकायला स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळानं ब्रशची घरघर थांबली, पण त्या बाहेर येईनात. जाऊन पाहिलं तर बेसिन लालभडक. साडीचा पदरही भिजलेला.

"लय रक्त हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. थोडंसंच आहे," मी म्हटलं. गोळ्या देताना डॉक्टर म्हणाले होते, कुठं खरचटलं तरी रक्त लवकर थांबणार नाही. चुळा भरल्या, बर्फ लावला, रक्त येतच राहिलं. नवरा सिन्नरला कंपनीत, त्याचा फोन लागेना. तोंडाशी टॉवेल धरून मी त्यांना रिक्षात घातलं. दर सिग्नलला टॉवेल उचलून बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, हे माझ्या हौसेनं झालं.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडीवर औषधाचा बोळा दाबून धरला. रक्त थांबायला अर्धा तास लागला. त्या म्हणाल्या, "ब्रश जोरात दाबला गेलाय, पण तेवढ्यानं इतकं रक्त येत नाही. आत्ताच्या आत्ता रक्त तपासा."

रिपोर्ट आला. रक्त नको इतकं पातळ झालं होतं. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी त्या दोन दिवस बंद केल्या, मग डोस कमी केला. "डोक्यात रक्तस्राव झाला असता तर अवघड होतं," असं ते सहज बोलून गेले. मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले.

आठवड्यानं हिरडी बरी झाली. मी चार्जिंगचा ब्रश फेकायला काढला, तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे. साधा हलवायला हात लागतो. ह्यो आपला आपण फिरतो."

"आई, मला भीती वाटते."

"मला बी वाटती. पण तोंड तुझ्या हातात द्यायचं नाय मला."

आता त्या तो दातांना नुसता टेकवतात, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी असते. गॅस बंद करून.