ब्रेकवर एडका

सोलापूरच्या भवानी पेठेतून निघालो तेव्हा मोटारीत तीन जीव होते: मी, सांगोल्याचा म्हाळू धनगर आणि मागच्या गादीवर, नवरदेवाच्या ऐटीत, त्याचा एडका सुलतान. संध्याकाळी सांगोल्याला टकरी (एडक्यांच्या झुंजी) होत्या. पोचलो नाही तर सुलतान भिऊन लपला म्हणून गावभर बोंब व्हायची. ती मारायला म्हाळूचा मेहुणाच टपलेला.

म्हाळूनं मोटारीला भंडारा (हळद) वाहिला, वहाणा काढून काखेत मारल्या, मगच आत बसला.

मंगळवेढ्याअलीकडे नदीचा उतार लागला. ब्रेक दाबला, तर पाय थेट पाताळात! मोटार अशी सुटली की वरची घार मागं पडली. वाळूत रुतली म्हणून वाचलो.

मागच्या दोन्ही चाकांचे ब्लीडर स्क्रू (ब्रेकच्या नळीतली हवा सोडायचे) गळत होते. काढले, तर टोकांना खडे चिकटलेले, बसतील कसे? टोकं पुसली, दगडावर घासून गुळगुळीत केली, स्क्रू आवळले. सांडलेल्या तेलाऐवजी सुलतानच्या शिंगांना चोळायचं एरंडेल आणि माझ्या स्टोव्हचं स्पिरिट ब्रेकच्या डबीत ओतलं. उरली नळीतली हवा.

"म्हाळबा, तुम्ही पेडल दाबा, मी हवा सोडतो."

"पायानं? भंडारा वाहिलाय की तिला! देवाला लाथ घालू व्हय?"

हातानं दाबून पाहिलं, पेडल दाद देईना. ऊन तर उतरलेलं.

"माझा सुलतान दाबंल की! जनावराला पाप लागत न्हाय."

दार उघडलं. "हाण!" सुलतान मागं सरकला आणि असा आला की पलीकडच्या काठावरची झाडं वाकली. पेडलवर डोकं रोवून उभा! मी स्क्रू सैल केला, फुस्स झालं, आवळला. "माघारी!" पुन्हा "हाण!" दोन्ही चाकांचे बुडबुडे संपेपर्यंत हेच. मग मोटार वाळूतून ढकलून काढली.

सांगोल्यात मेहुणा हलगी बडवत होता, "आमचं दाजी भ्यालं!" मी मोटार सरळ त्याच्यावर घातली आणि ब्रेक दाबला. धोतरापासून वीतभर अंतरावर थांबली! मेहुणा हलगी टाकून झाडावर. सुलतानचं अंग पेडलवरच तापलेलं. पहिल्याच टकरीत मेहुण्याचा एडका पळाला, तो थेट दुसऱ्या तालुक्यात, मोडनिंबला दिसला म्हणे.

म्हाळूनं उरलेला भंडारा सुलतानच्या कपाळाला लावला, आणि चिमूटभर त्या पेडललाही.

प्रवासानं माणूस बदलतो म्हणतात, ते खरंच. सोलापुरात परतल्यावर मित्र मला खोटारडा म्हणाले. म्हणोत. मी मात्र तेव्हापासून वहाणा काढल्याशिवाय ब्रेकवर पाय ठेवत नाही.