चूर्णातली हपुषा

आखातात युद्ध सुरू झालं तेव्हा मी तिथल्याच रास तनुराच्या तेल रिफायनरीत मेंटेनन्सला होतो. बायको आणि मुलीला आधीच नाशिकला पाठवलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक डच इंजिनियर बसायचा, साठीला आलेला, अबोल. त्याच्या देशाचे बरेच जण निघून गेले, हा राहिला.

सायरन वाजू लागले आणि त्याचं जेवण सुटलं. एका दुपारी धोका टळल्यावर गॅस मास्क काढून तो पोट दाबत बसला. डॉक्टरांच्या गोळ्यांचा उपयोग होत नव्हता. माझे वडील वैद्य, त्यांचं पाचक चूर्ण माझ्या खणात असे. मी डबी पुढे केली. त्यानं वास घेतला आणि डबी तशीच नाकाशी धरून राहिला.

"यात काय आहे?"

"सुंठ, ओवा आणि हपुषा. थंड डोंगरांतल्या झुडपाची काळी फळं."

"ज्युनिपर! माझ्या वडिलांच्या कपड्यांना हा वास यायचा."

त्याचे वडील दारूच्या भट्टीत कामाला होते. तिथे दारूबंदी, म्हणून दाराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून तो येनेव्हर या त्यांच्याकडच्या दारूबद्दल सांगू लागला. मोड आलेल्या धान्याची दारू गाळायची, मग या फळांबरोबर पुन्हा गाळायची. पूर्वी ती पोटदुखीवर औषध म्हणून विकत. इंग्रजांनी ती पाहिली आणि त्यांची जिन झाली. "पण जिन बोचते. आमच्या जुन्या पद्धतीच्या येनेव्हरला ताज्या पावाची चव असते. पेला काठोकाठ भरायचा, पहिला घोट हात न लावता घ्यायचा." चहाच्या पेल्यावर वाकून त्यानं करून दाखवलं. मिशा भिजल्या. आम्ही दोघंही हसलो.

मग तो म्हणाला, "गावात पुराचं पाणी शिरलं तेव्हा वडिलांनी एक पेला घेतला आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, मला भीती वाटतेय. मला ते कधी जमलं नाही."

"आता वाटतेय का तुम्हाला?"

"फार."

"मलाही," मी म्हणालो. इतके दिवस मी हे कुणाला बोललो नव्हतो.

आठवड्याभरात रजा मंजूर करून घेऊन तो मायदेशी गेला. त्याचं काम माझ्यावर पडलं, पण राग आला नाही. त्या शुक्रवारी फोनवर मी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या आवाजावरून कळत होतं मला."