कपाटातलं कफन

मी सातवीही धड झालो नाही. सगळी उमर इथं रियाधमध्ये सुतारकामात रंधा मारण्यात गेली. या वयात कोणी घरी येऊन माझी परीक्षा घेईल, तीही मरणाची, असं वाटलं नव्हतं.

घेणारी बाई चिनी. माझ्या सुनेबरोबर हॉस्पिटलात नर्स आहे. इथल्या चिनी लोकांना मरणाबद्दल किती कळतं, ते मोजायचं काम तिनं घेतलंय. पण त्यांचे म्हातारे प्रश्न ऐकले की उठून जातात म्हणे. म्हणून सराव माझ्यावर. ती विचारणार, सून मराठीत सांगणार.

"अब्बा, माणूस लांबच्या प्रवासाला निघाला, तर श्वासाचं मशीन नको असं त्याला सांगता येतं का?"

"कसला प्रवास? मरताना म्हण की!"

सून ओशाळली. "ती तो शब्द उच्चारत नाही. म्हाताऱ्यांसमोर अशुभ मानतात."

"मग मोजणार काय, कपाळ?"

आतून मुलगा ओरडला, "अब्बा, जुम्म्याच्या दिवशी काय तसलं बोलताय!"

घ्या. हा तर रत्नागिरीचा.

याची आई गेल्या वर्षी गेली. मक्केला उमऱ्याला गेलो तेव्हा आम्ही दोघांनी आपापलं कफन घेतलं होतं. जमजमच्या पाण्यात भिजवून तिनं ते हॉटेलच्या गच्चीवर वाळवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून चपला ठेवून. हॉस्पिटलात ती याला सांगू बघायची, "कपाटात वरच्या खणात..." की हा म्हणायचा, "अम्मी, तू बरी होणारेस. नंतर सांग." नंतर कधी, कबरीत? ती गेली त्या दिवशी हा मला न्यायला आला. मी कपाटाकडे वळलो, तर यानं दंड धरला. "यल्ला, चला अब्बा, तिकडे हॉस्पिटलातच देतात सगळं." दिलं त्यांनी. कापड चांगलं होतं. तिचं नव्हतं.

मी उठलो, दोन्ही कफनं आणून टेबलावर ठेवली. चिनी बाई एकदम उभी राहिली. सुनेला काहीतरी म्हणाली.

"तिच्या आजीनंही आपले शेवटचे कपडे स्वतः शिवून ठेवले होते," सून म्हणाली.

"मग तुझ्या प्रश्नांच्या कागदावर ते का नाही? मशीन, इंजेक्शन सगळं विचारतेस. कफन कुठं ठेवलंय, घरात कोणाला ठाऊक आहे का, हे विचार की!"

मुलगा दारात येऊन उभा होता. "अब्बा, चहा घ्या आधी."

"चहा मरू दे. हे वरचं माझं. मला यातच गुंडाळायचं, आणि इथंच माती द्यायची, तिच्या कबरस्तानात. गावाला न्यायचं नाही. कळलं?"

तो माझ्या कापडाकडे बघेना. खालचं ओढून घेतलं आणि नाकाला लावलं.

"वरचं," मी म्हणालो. "वरचं माझं. नीट ऐक."

"ऐकलं, अब्बा," तो म्हणाला. तोंड अजून त्या कापडातच होतं.